मिरजेचं नॅरोगेज स्टेशन १८९७ चं नव्हे

एकांनी मिरजेचं नॅरोगेज (अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचं) स्टेशन १८९७ चं असल्याचं लिहिलंय, ते पटत नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे ही नॅरोगेज गाडी कुर्डुवाडी ते बार्शी एवढीच धावू लागली. पंढरपूरला ती १९०६ ला पोचली आणि मिरजेला थेट १९२७ मध्ये. तिच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एक मीटर अंतराचं मीटरगेज वेगळं, आणि सगळ्यात रुंद ते ब्रॉडगेज; मिरजेत एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज नांदत होते.

आणि या तीन गेजची खरी किंमत हमालांनी मोजली, ते इथे कुणी लिहिलंच नाही. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर जात नाही, त्यामुळे प्रत्येक पोतं एका वाघिणीतून (मालाच्या डब्यातून) उतरवून दुसरीत चढवायचं. माझे आजोबा हेच काम करायचे. उन्हाळ्यात पत्र्याच्या वाघिणी इतक्या तापायच्या, की आत शिरण्याआधी ते डोक्यावर ओलं पोतं घ्यायचे. आषाढीला मात्र त्याच छोट्या गाडीनं आजीला घेऊन पंढरपूरला जायचे. स्टेशनची माहिती लिहाल तेव्हा त्या हमालांसाठी दोन ओळी नक्की ठेवा.