बाथरूममधला गॅस गीझर आणि मावशींचे उपकार

अ-३०२ :
सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या सासूबाई काल संध्याकाळी रुग्णालयातून सुखरूप घरी आल्या. रविवारपासून आपल्यापैकी अनेकांनी फोन केले, डबे पाठवले, रात्री सोबतीला येऊन बसले. प्रत्येकाला वेगळे उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून नेमके काय घडले आणि कोणामुळे जिवावरचे निभावले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

रविवारी सकाळी पावसाची झड होती आणि वीज गेली होती, त्यामुळे सासूबाईंनी अंघोळीसाठी गॅस गीझर लावला. हा गीझर आम्ही फ्लॅट घेतला तेव्हापासूनच बाथरूमच्या आत बसवलेला आहे. झडीचे पाणी आत येते म्हणून खिडकी लावलेली होती आणि वीज नसल्याने एक्झॉस्ट फॅनही बंद होता. मी आणि मुलगा पुढच्या खोलीत होतो. धुणेभांडी करायला येळ्ळूरहून येणाऱ्या मावशी मागे भांडी घासत होत्या. पाणी एकसारखे पडते आहे, पण तांब्याचा आवाज नाही आणि अंघोळ करताना सासूबाई रोज म्हणतात ते स्तोत्रही मध्येच थांबले आहे, हे त्यांच्याच लक्षात आले. त्यांनी दोन हाका मारल्या, ओ आली नाही, तेव्हा आम्हाला ओरडून सांगत सांगतच त्यांनी दाराला खांदा दिला. आतली कडी निखळली. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. डोळे उघडे होते, पण भान नव्हते. मावशींनी आधी नळ बंद करून गीझर विझवला, खिडकी सताड उघडली आणि त्यांना अंगावर लुगडे टाकून बाहेर ओढत आणले. मी तेथे पोहोचेपर्यंत हे सगळे होऊन गेले होते.

मुलाने घरातला ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावला, तर आकडा ९८ आला. तेवढ्यात ब-२०१ मधील डॉक्टरकाका वर आले. त्यांनी त्या आकड्याकडे लक्षही दिले नाही. ‘गाडी काढा, ऑक्सिजन लावायला हवा,’ एवढेच ते म्हणाले. अ-१०१ मधील अण्णांनी अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढली आणि रेल्वे गेट बंद मिळेल म्हणून उड्डाणपुलाच्या बाजूने नेली. या दोघांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते मला सुचत नाही.

देवाने राखले, असे भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो. मीही काल कपिलेश्वराच्या मंदिरात जाऊन आले. परंतु हातातले काम करता करता आतल्या आवाजाकडे जिचे लक्ष होते, त्या बाईचे उपकार देवाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे माझ्या मनाला पटत नाही. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सासूबाई स्वतः मावशींची ओटी भरणार आहेत. आपण सर्व जणींनी अगत्याने यावे. सर्वांसाठी कुंदा आणलेला आहे.

आणखी एक विनंती. आमचा गीझर आम्ही सोमवारीच काढून टाकला. आपल्या दोन्ही विंगमध्ये असे गीझर आणखी किती बाथरूमच्या आत आहेत, हे समितीने कृपया पाहावे.

ब-१०४ :
ताई, आजींना माझा नमस्कार सांगा. शुक्रवारी मी नक्की येईन. एक विचारायचे होते. आमच्याकडेही गीझर आतच आहे, पण गॅसचा वास कधीच येत नाही. तरीही धोका असतो का?

ब-२०१ (डॉक्टर) :
वास येत नाही यातच खरा धोका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, त्यामुळे गळती झाली तर ती नाकाला कळते. रविवारी गॅस गळत नव्हता, जळत होता. मात्र हवा अपुरी पडल्याने अर्धवट जळत होता. एक भाग गॅस पूर्ण जळायला सुमारे २५ ते ३० भाग हवा लागते, आणि गीझर तर शेगडीच्या एका बर्नरपेक्षा कितीतरी अधिक गॅस थोड्या वेळात जाळतो. दारेखिडक्या लावलेल्या लहानशा बाथरूममधली हवा त्याला पुरत नाही आणि मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग असतो, ना वास, आणि डोळेही चुरचुरत नाहीत. डोके जड होणे, मळमळणे, गरगरणे आणि पायांतले बळ जाणे, या क्रमाने माणूस खाली बसतो. दार उघडायला हवे हे कळत असूनही त्याला उठता येत नाही.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरक ओळखता येत नाही, विषारी वायू धरून बसलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. आजींचा आकडा ९८ आला तो यामुळे. मोकळ्या हवेत शरीरातला हा वायू निम्म्यावर यायला चार ते पाच तास जातात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर ते काम साधारण तास-दीड तासात होते. त्या दिवशी मी घाई केली ती याचसाठी.

वहिनी, पुढचे काही आठवडे आजींकडे लक्ष असू द्या. विसरणे वाढले, चालताना तोल जाऊ लागला किंवा स्वभावात फरक जाणवला, तर लगेच मला सांगा. हा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो.

मावशींनी गीझर आधी बंद केला आणि खिडकी उघडली, हेही फार मोलाचे झाले. आत तसेच थांबून राहिले तर वाचवायला गेलेला माणूसही कोसळतो, अशा घटना घडतात.

अ-४०१ :
आजी बऱ्या झाल्या याचा मनापासून आनंद आहे. परंतु समितीने सरसकट गीझर काढायला सांगू नये, अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि घरात म्हातारी माणसे असली की गरम पाण्यावाचून भागत नाही. एक्झॉस्ट फॅन सक्तीचा केला तर पुरेसे होईल, असे मला वाटते.

अ-१०१ :
काका, तुमची अडचण खरी आहे, पण एक्झॉस्ट फॅनचा भरवसा धरू नये. ज्या दिवशी वीज नाही, त्याच दिवशी आपण गॅस गीझर लावतो आणि त्याच दिवशी फॅन बंद असतो. शिवाय फॅन आतली हवा ओढून बाहेर टाकतो. दार घट्ट लागलेले असेल तर नवी हवा आत यायला वाटच राहत नाही. गीझर काढून टाका असे कोणी म्हणत नाही. तो मागच्या उघड्या गॅलरीत बसवून फक्त गरम पाण्याची पाइप आत घ्यावी. आमच्याकडे पहिल्यापासून तशीच व्यवस्था आहे आणि वीज गेली तरी पाण्याची अडचण येत नाही.

अ-४०१ :
गॅलरीत हलवता येत असेल तर माझी काही हरकत नाही. आमचाही आतच आहे. प्लंबरला बोलवाल तेव्हा मलाही कळवा.

ब-३०४ :
आम्ही भाड्याने राहतो आणि घरमालक पुण्याला असतात. गीझर हलवायचा म्हटला की ते खर्चाचे कारण पुढे करतील. समितीच्या लेटरहेडवर पत्र मिळाले, तर त्यांच्याशी बोलणे मला सोपे जाईल.

सचिव :
ब-३०४ यांना उद्या पत्र दिले जाईल. समितीच्या वतीने मावशींना एक रक्कम द्यावी असे ठरले आहे. ती शुक्रवारी सासूबाईंच्याच हस्ते दिली जावी, अशी आमची इच्छा आहे. शनिवारी सकाळपासून प्लंबर घरोघरी येऊन पाहणी करेल. लिफ्टजवळ मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत सूचना लावत आहोत : गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडून बाहेर पडावे आणि मग १९०६ वर कळवावे, वास नसताना बाथरूममध्ये कोणाला गरगरले, तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून १०८ ला फोन करावा. कामाला येणाऱ्या मावशींनाही ही सूचना प्रत्येकाने वाचून दाखवावी.

अ-३०२ :
सचिवसाहेब, मनापासून आभार. शनिवारी प्लंबरला सर्वांत आधी ब-१०४ कडे पाठवावे. त्यांच्याकडे तान्हे बाळ आहे आणि बाळाला त्याच बाथरूममध्ये दार लावून न्हाऊ घालतात.

ब-१०४ :
ताई, आज बाळाचे पाणी चुलीसारखे शेगडीवरच तापवले. शनिवारपर्यंत गीझर लावणार नाही.