मदत हवी आहे: एकाच मजकुरातून एचटीएमएल, डॉकएक्स आणि पीडीएफ काढणारी लायब्ररी

अर्धविराम

पायथनमध्ये अहवाल तयार करणारी लायब्ररी लिहितोय. परिच्छेद, तक्ता, चित्र, यादी असे क्लास आहेत आणि प्रत्येकात एचटीएमएल व डॉकएक्स (वर्डची फाइल) लिहिणारी एकेक मेथड आहे. आता पीडीएफ जोडायचंय आणि गाडी तिथेच अडली. पानावर किती जागा उरली हे परिच्छेदाला ठाऊकच नसतं, मग तो स्वतःला लिहिणार कुठे?

आणखी दोन भानगडी. उभे सेल जोडलेला तक्ता असला की वर्ड फाइल खराब असल्याचं सांगतो. एचटीएमएलमध्ये तोच तक्ता नीट दिसतो. आणि ठळक केलेलं मराठी वर्डमध्ये ठळक होत नाही, त्याच ओळीतलं रोमन मात्र होतं. रचनाच बदलू, की ठिगळं लावू?

टंकेश्वर

बदला. चौथा फॉरमॅट आला की प्रत्येक क्लास पुन्हा उसवावा लागेल.

नोडमध्ये, म्हणजे परिच्छेद, तक्ता अशा प्रत्येक घटकात, फक्त माहिती ठेवा. लिहिण्याचं काम प्रत्येक फॉरमॅटच्या वेगळ्या रायटरकडे द्या, तो या नोडचा वृक्ष फिरून आउटपुट काढेल. एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणाऱ्या पॅनडॉक या प्रोग्रॅमची बांधणीही याच वळणाची आहे. तोटा एकच: नवा नोड आला की सगळ्या रायटरना हात लावावा लागतो, म्हणून नोडचे प्रकार मोजकेच असू द्या. अनोळखी नोड दिसला तर रायटरने थेट एरर द्यावी, गुपचूप गिळू नये.

एचटीएमएल आणि डॉकएक्समध्ये ओळी तोडायचं काम ब्राउझर किंवा वर्ड करतो. पीडीएफच्या पानाला परिच्छेद कळत नाही, अमुक ग्लिफ (अक्षराची आकृती) अमुक जागी एवढंच कळतं. त्यामुळे वृक्ष आणि पीडीएफ रायटर यांच्या मध्ये लेआउटचा टप्पा हवा: रुंदी मोजा, ओळी पाडा, पानं पाडा, आणि जागा ठरलेल्या चौकटींची यादी पुढे द्या. एकूण पानं लेआउट संपल्यावरच कळतात, तेव्हा पानाच्या तळाचा ‘पान ३ / १२’ सगळ्यात शेवटी भरा. पीडीएफचा आरंभबिंदू खाली डावीकडे असतो. वरून खाली मोजलेली उंची उलटी करणं शेवटच्या एकाच फंक्शनमध्ये ठेवा, नाहीतर वजाबाकीची चिन्हं कोडभर पसरतील.

मापांचंही आधीच ठरवा. आत सगळीकडे पूर्णांकात ईएमयू (डॉकएक्समधलंच एक बारीक एकक) वापरा: इंचाला ९१४४००, पॉइंटाला १२७००, सीएसएसच्या पिक्सेलला ९५२५. अपूर्णांकाची कटकट मिटते. डॉकएक्समध्ये समास पॉइंटाच्या विसाव्या भागात, अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटात आणि चित्रं ईएमयूत. म्हणजे १२ पॉइंट लिहायचे २४, आणि एक इंच समास १४४०. हे रूपांतर रायटरच्या दारातच व्हावं.

आता तक्ता. एचटीएमएलमध्ये झाकला गेलेला सेल लिहायचाच नसतो. डॉकएक्समध्ये तो प्रत्येक ओळीत लिहावा लागतो, ‘व्हीमर्ज’ खूण लावून, आणि त्यात निदान एक परिच्छेद हवाच, रिकामा का असेना. तुमचा वर्ड बहुधा यावरच अडतोय. सेलमध्ये आतला तक्ता असेल तर त्याच्यानंतरही एक परिच्छेद लागतो. खरा उपाय म्हणजे रायटरच्या आधीच तक्त्याची पूर्ण जाळी तयार करायची: प्रत्येक घर ‘मूळ’ किंवा ‘झाकलेलं’. दोन सेल एकाच घरावर हक्क सांगत असतील तर तेही तिथेच पकडता येतं.

काना मात्रा

ठळकपणाचं कारण वेगळं. देवनागरीसारख्या लिप्यांचं फॉरमॅटिंग वर्ड स्वतंत्र ठेवतो. ठळकच्या ‘बी’ टॅगसोबत ‘बीसीएस’, आकाराच्या ‘एसझेड’सोबत ‘एसझेडसीएस’ लिहा, आणि फॉन्टच्या टॅगमध्ये ‘सीएस’ हा गुणधर्मही द्या. टॅगचा नेहमीचा क्रमही पाळा.

पीडीएफमध्ये अक्षरं जशीच्या तशी ओतलीत तर ‘कि’मधली वेलांटी ‘क’नंतर पडेल आणि जोडाक्षरं सुटी दिसतील. आधी हार्फबझ या लायब्ररीतून शेपिंग (अक्षरांवरून योग्य ग्लिफ आणि त्यांच्या जागा ठरवणं), मगच ओळी मोजायच्या. ‘क्ष’ची रुंदी म्हणजे ‘क’, हलन्त आणि ‘ष’ यांची बेरीज नव्हे. फॉन्टचा लागणारा भाग फाइलमध्ये घाला. कुठला ग्लिफ म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारा टूयुनिकोड तक्ता विसरलात तर पान दिसेल छान, पण शोध आणि कॉपी कामातून जातील. वेलांटीची जागा बदललेली असते, म्हणून शब्दाला ‘ॲक्चुअलटेक्स्ट’, म्हणजे त्याचा मूळ मजकूरही जोडा.

अर्धविराम

रिकामा परिच्छेद घातल्यावर वर्डची तक्रार थांबली. दोघांचेही आभार. उद्या मार्कडाउन (साध्या मजकुरात खुणा घालायचा फॉरमॅट) जोडलं तर त्यात जोडलेले सेल नाहीतच. तिथे काय करायचं? आणि टेस्टमध्ये डॉकएक्सचे बाइट दर वेळी वेगळे येतात.

टंकेश्वर

निवड वापरणाऱ्याकडे द्या: कडक पद्धतीत एरर, सैल पद्धतीत मजकूर पहिल्या घरात, बाकीची रिकामी, आणि आउटपुटसोबत इशाऱ्यांची यादी. नुसतं लॉगमध्ये लिहिलेलं कोणी वाचत नाही.

डॉकएक्स म्हणजे मुळात झिप फाइल, बाइट बदलतात ते तिच्यात नोंदलेल्या वेळेमुळे. नुसतं नाव देऊन तिच्यात मजकूर लिहिला तर पायथन चालू वेळ टाकतो. ‘झिपइन्फो’ ऑब्जेक्ट दिला तर मुळातच १ जानेवारी १९८० धरतो. तरी तुलना आतल्या एक्सएमएलचीच करा, नाहीतर झिपची लायब्ररी बदलली की सगळ्या टेस्ट लाल. पीडीएफमध्ये निर्मितीची तारीख आणि फाइलचा आयडी बाहेरून देता येईल अशी सोय ठेवा.