आम्लापासूनचे संरक्षण केवळ स्वादुपिंडाचे काम नव्हे

स्वादुपिंडाचा रस जठरातून आलेले आम्ल निष्प्रभ करतो, त्यामुळे आतड्याच्या अस्तराला स्वतः काही करावे लागत नाही, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. स्वादुपिंडाची नलिका आद्यांत्राच्या, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागात उघडते. त्याआधीच्या पहिल्या भागावर मात्र १ ते २ सामूचे (पीएचचे; आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र) आम्ल थेट येऊन पडते, आणि आद्यांत्रातले बहुतेक व्रण तिथेच होतात.

तिथल्या पेशी रक्ताकडच्या बाजूने सोडियमसोबत बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल निष्प्रभ करणारा आयन, आत घेतात आणि पोकळीच्या बाजूला सीएफटीआर वाहिनीतून (पेशीच्या आवरणातल्या एका प्रथिनाच्या वाटेतून), तसेच क्लोराइडच्या बदल्यात, ते बाहेर सोडतात. हे बायकार्बोनेट श्लेष्माच्या चिकट थरात अडकून राहते, म्हणून वर आम्लाचा मारा चालू असतानाही पेशींलगतचा सामू ७ च्या आसपास टिकतो. मला त्याहून विलक्षण वाटते ते श्लेष्माचेच वागणे: श्लेष्मा ज्याचा बनतो ते म्युसिन हे प्रथिन पेशीत कॅल्शियमने घट्ट बांधून ठेवलेले असते, बाहेर पडताना बायकार्बोनेट ते कॅल्शियम ओढून घेते, आणि तेव्हा कुठे म्युसिन फुगून पसरते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सीएफटीआर बिघडल्याने हे नीट घडत नाही. हा आजार असलेल्या काही नवजात बाळांचे आतडे चिकट मलाने तुंबते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या संदेशवाहक द्रव्याची निर्मिती रोखतात, आणि बायकार्बोनेट सोडण्याचा एक मुख्य इशारा त्याचाच असल्याने हे संरक्षण दुबळे होते. खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) पाण्यातून घेऊन ही उणीव भरून निघत नाही, कारण तो जठरातच आम्लाशी संयोग पावून संपतो. हाती लागते ती ढेकर.