दिसत नाही, जाणवतं

कुणीतरी लिहिलंय की ब्लॅक घोस्ट या माशाला अंधारातही दिसतं, म्हणून तो रात्री हिंडतो. दिसत नाही हो, जाणवतं! त्याच्या शेपटीकडचं इंद्रिय सेकंदाला सुमारे १००० वेळा अगदी क्षीण वीज सोडतं. दगड ती अडवतो, किडा-अळी वाहू देते. भोवतीच्या क्षेत्रात पडलेला हा फरक कातडीतल्या पेशी टिपतात. म्हणूनच कसब्यातल्या आमच्या टाकीत तो उलटा, म्हणजे शेपटीच्या दिशेने, पोहतानाही पाइपच्या तोंडात अचूक शिरतो. बघत राहावं असं दृश्य!

पोहताना अंग ताठ, हलतो तो फक्त पोटाखालचा लांब पर. आफ्रिकेतला जिम्नार्कस मासाही असाच ताठ पोहतो, पण त्याचा पर पाठीवर. त्याची क्षीण वीज केंब्रिजचे शास्त्रज्ञ लिसमन यांनी १९५१ साली नोंदवली. ब्लॅक घोस्ट दक्षिण अमेरिकेतला, आणि दोघांत ही शक्ती स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. मला सगळ्यात थक्क करते ती हीच गोष्ट.

आणि उजनीत मिळणारा तसाच चपटा नोटोप्टेरस मासा? दिसायला ब्लॅक घोस्टचा भाऊ वाटतो, पण तो वीज सोडत नाही.