पायात उतरणाऱ्या कळेसाठी मणक्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न:
माझ्या आईचे वय ६४ आहे. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून नस दबल्यामुळे दोन महिन्यांपासून तिच्या पायात अंगठ्यापर्यंत कळ उतरते आणि रात्री झोप लागत नाही. गोळ्या व व्यायाम यांनी उतार पडला नाही, म्हणून डॉक्टरांनी मणक्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले आहे. तिला मधुमेह आहे. या इंजेक्शनाने नस मोकळी होते का?

पहिले उत्तर:
नस मोकळी होत नाही; सरकलेली गादी तिथेच राहते. मात्र एवढी कळ केवळ दाबामुळे येत नाही. गादीच्या गाभ्यातील द्रव्य बाहेर आल्याने नसेच्या मुळाशी दाह होतो आणि स्टिरॉइड तो दाह शमवते. म्हणूनच पायात उतरणाऱ्या वेदनेवर याचा जितका उपयोग होतो, तितका नुसत्या कंबरदुखीवर होत नाही. आराम काही आठवडे, क्वचित काही महिने टिकतो. सरकलेल्या गादीचे दुखणे बहुधा हळूहळू आपोआप ओसरते, त्यामुळे तेवढ्या अवधीत झोप लागणे आणि चालणे-फिरणे सुरू होणे हाच मोठा लाभ आहे.

मी स्वतः हे इंजेक्शन घेतले आहे. सोबतच्या बधिर करणाऱ्या औषधाने पहिले काही तास बरे वाटले, रात्री कळ परतली आणि मी पूर्ण खचलो. खरा उतार चौथ्या दिवशी पडला. आईंना हे आधीच सांगून ठेवा.

दुसरे उत्तर:
मधुमेहाकडे विशेष लक्ष द्यावे. इंजेक्शनानंतर काही दिवस साखर बरीच वाढू शकते, म्हणून ती रोज तपासावी आणि औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. सुई क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून योग्य जागी घातली जाणार आहे ना, हेही विचारावे. गंभीर अपाय अतिशय दुर्मीळ आहेत, तरीही पक्षाघात व दृष्टी जाण्यासारख्या घटनांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये इशारा दिला होता, त्यामुळे हा निर्णय हलक्याने घेऊ नये. पायातील शक्ती कमी होत असेल, लघवी अडत असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, तर इंजेक्शनाची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. अशी लक्षणे नाहीत, पण ती हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेते. ती आम्ही बंद करावी का?

दुसरे उत्तर देणारे:
स्वतःहून मुळीच बंद करू नका. ती चालू ठेवल्यास मणक्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो, तर अचानक थांबवल्यास हृदयाला. ती थांबवायची की नाही आणि किती दिवस, हे हृदयाचे व मणक्याचे अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवू द्या, आणि तोवर इंजेक्शनाची तारीख घेऊ नका.