कणेरीचं म्युझियम आणि आपला भाग

इथं एकांनी लिहिलंय, "कणेरी मठावर नुसते सिमेंटचे पुतळे, तासाभरात बघून होतं." मला अजिबात पटलं नाही. निपाणीहून कोल्हापूरला जाताना हायवे सोडून थोडं आत गेलं की कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम लागतं, जुनं गावातलं जगणं पुतळ्यांतून दाखवणारं. तिथं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, बघा काय काय कळतं ते. नातवंडांना मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायची पिशवी, कुणी समजावून सांगायची? जाड दोर म्हणजे नाडा वरच्या चाकावरून, सोंडेचा बारीक दोर म्हणजे सोंदूर खालच्या कण्यावरून (लाकडी रुळावरून), आणि बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, उतरले की मोट वर येते, तिची सोंड (पाणी सोडायची नळी) आपोआप थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, पडते. कसली मोटर नाही, वीज नाही!

आता माझं खरं म्हणणं. असं काहीतरी आपल्या बेळगाव जिल्ह्यातही व्हायला पाहिजे. निपाणीची तंबाखू, शेंडे खुडणाऱ्या आणि वखारीत राबणाऱ्या बायका, विड्या वळायची सुपं, खानापूरच्या लाल मातीतली कुंभारकी, हे सगळं कुठं मांडलंय? वखारी पडायच्या आधी निदान एक तरी राखा. पाट्या मराठी-कन्नड दोन्हीत लावा. इथल्या शेतात दोन्ही भाषा बोलतच कामं झालीत. जुनी अवजारं कुणाच्या माळ्यावर असतील तर भंगारात घालू नका, आधी फोटो काढून इथं टाका.