प्रति: रोज चाचणी आहे, मग काळजी कसली?

कोरोनाच्या रोजच्या अँटिजेन (झटपट) चाचणीमुळे बिग टेन या अमेरिकी विद्यापीठांच्या गटाचा २०२०चा अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरळीत पार पडेल, हे तेव्हाचं म्हणणं अर्धंच पटतं. चाचणीमुळे बाधित खेळाडू मैदानात उतरण्याआधी सापडतो, हे खरंच मोलाचं आहे. पण खरी मेख तेव्हाच्या २१ दिवसांच्या अटीत होती. पीसीआर या अधिक अचूक चाचणीने बाधा पक्की झाली की रक्ततपासणी, ईसीजी, इको आणि हृदयाचा एमआरआय, मग हृदयरोगतज्ज्ञाची परवानगी. आणि सगळं ठीक निघालं तरी २१ दिवसांआधी सामना खेळता येत नव्हता. आठवड्याच्या कुठल्याही वारी अहवाल येऊ दे, तीन शनिवार, म्हणजे सामन्यांचे दिवस, गेलेच. आठ सामन्यांच्या हंगामात तीन! हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची भीती असताना ही अट हवीच होती, त्यात तडजोड नको.

चूक वेळापत्रकात होती. ११ ऑगस्टला हंगाम पुढे ढकलला, १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला, त्यामुळे २३ ऑक्टोबरपासून सलग आठ आठवडे, मध्ये एकही मोकळा शनिवार नाही. म्हणून गटातल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे नेब्रास्का आणि पर्ड्यू या विद्यापीठांविरुद्धचे सामने पुढे ढकलता आले नाहीत, थेट रद्दच झाले.